सिनेमा बघणं आणि चौकट धरणं: नजर घडवण्याचा एक सावकाश रस्ता

भरपूर सिनेमे बघतात, हातात बरा कॅमेरा आहे, फोटोही सतत काढतात, आणि तरी आतून काही मिळत नाही अशी तक्रार करणारी माणसं मला वरचेवर भेटतात. त्यांचं म्हणणं मला तंतोतंत कळतं, कारण मीही बरीच वर्षं तशीच होते. एका प्रवासात चार दिवसांत मी सातशेच्या वर फोटो काढले. परतल्यावर शांतपणे बघायला बसले, तर एकाही फोटोपाशी थांबावंसं वाटेना. फोकस नीट होता, रंग छान होते, क्षितिजसुद्धा सरळ होतं. पण एकेक फोटो 'समोर होतं म्हणून टिपलं' असा. कुठे उभं राहायचं, चौकटीत काय घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं, यातलं काहीच मी ठरवलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्यापुरती एक गोष्ट पक्की झाली. सिनेमा बघण्यातला आनंद दुसऱ्याने घेतलेले निर्णय ओळखण्यात आहे आणि स्वतःच्या कामातलं समाधान स्वतः निर्णय घेण्यात. दोन्ही गोष्टी एकाच सवयीतून येतात आणि ही सवय लावून घेता येते. खाली क्रमाने सांगते आहे ते सगळं रोज तासभर दिला तर दोन-तीन महिन्यांत होण्यासारखं आहे. नवीन काही विकत घ्यायला नको. फोन, एक वही आणि उजेड येणारी एक खिडकी पुरते.

पहिली पायरी: एकच दृश्य, चार वेळा

आधी पाहिलेला आणि आवडलेला सिनेमा घ्या. नवा नको, कारण नव्यात पुढे काय होणार याची ओढ असते आणि त्या ओढीपुढे डोळ्यांचं काही चालत नाही. त्यातलं तीन-चार मिनिटांचं एक दृश्य निवडा. पाठलाग, मारामारी, गाणी सध्या बाजूला ठेवा. दोन माणसं एका खोलीत बोलताहेत असं साधं दृश्य सगळ्यात जास्त शिकवतं. तिथे फारसं काही घडत नाही, त्यामुळे करणाऱ्याने काय काय केलंय ते उघडं दिसतं.

पहिल्यांदा ते नुसतं बघा, नेहमी बघता तसं.

दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करा. संवाद गेले की माणसं कुठे उभी आहेत, कोण बसलंय, दोघांच्या मध्ये टेबल आहे की उघडं दार, हे एकदम दिसायला लागतं. मग हे तपासा: बोलतंय कोण आणि चेहरा कोणाचा दिसतोय? शॉट जोडणाऱ्या संकलकाने कितीतरी वेळा बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याचा चेहरा ठेवलेला असतो. आपण इतकी वर्षं ज्याला 'संवाद चांगले होते' म्हणत आलो, त्यातला निम्मा परिणाम ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याने केलेला होता, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा अंगावर काटा येतो.

तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. पंख्याची घरघर, खिडकीबाहेरची वाहतूक, कपड्यांची सळसळ, भांड्याचा आवाज. यातलं बरंचसं शूटिंगच्या वेळी आलेलं नसतं, नंतर कोणीतरी विचार करून घातलेलं असतं. संगीत कुठल्या शब्दानंतर सुरू झालं आणि कुठे थांबलं, ते लिहून ठेवा. संगीत थांबतं ती जागा विशेष जपून ऐका. दृश्याचं वजन बहुतेक वेळा तिथेच असतं, असा माझा अनुभव आहे.

चौथ्यांदा पेन्सिल हातात घ्या आणि प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा लागतो तिथे, टेबलावर टिचकी मारत मोजा. तीन मिनिटांच्या दृश्यात बारा शॉट निघाले तर एक शॉट सरासरी १५ सेकंदांचा, साठ निघाले तर ३ सेकंदांचा. पण सरासरीपाशी थांबू नका. सगळ्यात लांब शॉट कुठला ते शोधा. दिग्दर्शक आणि संकलक जिथे कापायचं टाळतात, तिथे त्यांना आपल्याला थांबवून ठेवायचं असतं. का, ते वहीत येईल.

वही

ही दुसरी पायरी. प्रत्येक शॉटसाठी एक ओळ. किती जवळून (लाँग, मिड की क्लोज-अप), कॅमेऱ्याची उंची, तो स्थिर आहे की हलतोय, प्रकाश कुठून येतोय, शॉट किती सेकंद टिकला. शेवटचा रकाना रुंद ठेवा आणि त्यावर 'का?' एवढंच लिहा. बाजूला एक आयत काढून माणसांसाठी गोल आणि नजरेसाठी बाण काढले की चौकट कळते. चित्रकला येत नसली तरी काही अडत नाही.

हे विद्यार्थीपणाचं काम वाटेल, पण छायालेखक सुब्रत मित्र याच वाटेने सिनेमात आले. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार भारतात चित्रीकरण करत होते तेव्हा तरुण सुब्रतना तिथे काम मिळालं नाही, फक्त बघायची परवानगी मिळाली. ते बघत राहिले आणि प्रकाश कुठून टाकलाय, कॅमेरा आणि नट कुठून कुठे जातात, हे वहीत लिहीत आणि रेखाटत राहिले. पुढे सत्यजित राय यांच्या पहिल्या चित्रपटाचं छायालेखन त्यांनी हाती घेतलं तेव्हा ते एकवीस-बावीस वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी मूव्ही कॅमेरा चालवलेलाही नव्हता.

'का?' या रकान्यात काय लिहायचं, यावर लोक अडतात. समजा दृश्यात बाई उठून खिडकीशी जाते, पण कॅमेरा तिच्यामागे जात नाही, बसलेल्या नवऱ्यावरच थांबतो. तिचा आवाज चौकटीबाहेरून येतो. याचा परिणाम काय झाला? ती त्याच्यापासून निघून गेली, हे आपल्याला तिच्या जाण्यापेक्षा त्याच्या बसून राहण्यातून कळलं. एवढं लिहिलं तरी पुष्कळ. निळा रंग म्हणजे दुःख आणि आरसा म्हणजे दुभंगलेलं मन, असल्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन सिनेमापाशी जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. त्याने सिनेमा कळल्याचा भास होतो आणि बघणं तिथेच थांबतं. स्वतःला काय जाणवलं ते आधी लिहा, मग ते पडद्यावरच्या कुठल्या गोष्टीमुळे जाणवलं ते शोधा.

आठवड्याला एक दृश्य, अशी आठ दृश्यं करा. मात्र नवा सिनेमा पहिल्यांदा बघताना वही काढू नका. तो सलग, अंधारात, फोन दूर ठेवून बघा.

तिसरी पायरी: दोन फोटो शेजारी ठेवणं

सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांचा एक प्रयोग सिनेमाच्या अभ्यासात नेहमी सांगितला जातो. त्यांनी इव्हान मोझुखिन या नटाच्या भावहीन चेहऱ्याचा एकच शॉट घेतला आणि तो वेगवेगळ्या चित्रांना जोडला. एकदा सूपचा बाऊल, एकदा शवपेटी. प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा शोक. चेहरा तोच होता. अर्थ दोन चित्रांच्या मधल्या फटीत तयार झाला होता.

हे वाचून सोडून देऊ नका, करून बघा. घरातल्या कोणालातरी समोर बसवा आणि 'काही करू नकोस, त्या भिंतीकडे बघ' असं सांगून एक फोटो काढा. मग रिकामी खुर्ची, बंद दार, उघडं पाकीट, झोपलेलं मूल असे चार-पाच फोटो काढा. चेहऱ्याच्या फोटोशेजारी एकेक ठेवून ज्यांना हे माहीत नाही अशा दोघा-तिघांना दाखवा आणि विचारा, 'याच्या मनात काय चाललंय?' उत्तरं ऐकली की संकलन म्हणजे काय ते डोक्यात कायमचं बसतं. फोटोग्राफी करणाऱ्यांसाठीही हे तितकंच महत्त्वाचं आहे. फोटोंची मालिका लावताना कुठल्या फोटोनंतर कुठला येतो, यावर दोन्हींचा अर्थ बदलतो.

चौथी पायरी: एक खिडकी, एक चेहरा

प्रकाशाबद्दल पुष्कळ वाचता येतं, पण तो कळतो एका खिडकीपाशी. खोलीतले सगळे दिवे बंद करा. थेट ऊन येत नसेल अशा वेळी एका माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर, तिला काटकोनात बसवा. चेहऱ्याची खिडकीकडची बाजू उजळ, दुसरी अंधारी. फोटो काढा. मग त्याला खुर्चीसकट एकेक पाऊल मागे न्या आणि दर पावलाला एक फोटो काढा. खिडकीजवळ उजेडाचा चढउतार तीव्र असतो. मागे जाल तसा प्रकाश कमी होतो, पण चेहऱ्यावर आणि मागच्या भिंतीवर तो अधिक सारखा पसरतो. जवळ असताना भिंत काळोखात गेली होती, आता तीही दिसू लागली. म्हणजे पार्श्वभूमी दाखवायची की गिळून टाकायची, हे खुर्ची सरकवून ठरवता येतं.

आता अंधाऱ्या गालाच्या बाजूला एक पांढरी चादर धरा. सावली मऊ होते, डोळ्यात उजेडाचा ठिपका येतो. चादर जवळ आणा, दूर न्या. मग चादर काढून तिथे काळं कापड धरा आणि सावली कशी गडद होते ते पाहा. या एका तासात जे कळतं ते महागड्या लाइट्सनी कळत नाही. लाइट्स आले की माणूस आधी बटणं शोधतो.

सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो'मध्ये बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. खऱ्या अंगणात वरून येणारा आभाळाचा उजेड स्टुडिओत आणायचा कसा? सुब्रत मित्र यांनी सेटवर कापड ताणलं आणि दिवे नटांवर न टाकता त्या कापडावर टाकून तिथून उजेड परतवला. तुमची चादर तेच करते आहे. तुम्ही पकडायला कोणालातरी उभं केलंय आणि त्यांनी ती छतावर बांधली, फरक एवढाच.

आठवडाभर वेगवेगळ्या वेळी ही एकच खिडकी आणि हाच माणूस. कंटाळा येईल. चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळ्याच्या पलीकडे काहीतरी दिसायला लागतं, तोवर सोडू नका.

पाचवी पायरी: तांत्रिक बाजू, लागेल तेवढीच

कॅमेऱ्यात तीन गोष्टी उजेड ठरवतात: अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ. पहिलं म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र, दुसरं म्हणजे तो किती वेळ आत येतो, आणि तिसरं म्हणजे कॅमेरा त्या उजेडाला किती संवेदनशील आहे. छिद्राचा आकडा एफ/२ वरून एफ/२.८, मग ४, ५.६, ८ असं जाताना दर टप्प्याला उजेड निम्मा होतो आणि अधिक खोलवरचं फोकसमध्ये येतं. शटर १/१०० सेकंदावरून १/२०० केलं की उजेड निम्मा आणि हालचाल अधिक गोठलेली. आयएसओ वाढवला की चित्र उजळतं, पण त्यात कणही दिसू लागतात. व्हिडिओसाठी सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेम आणि शटर १/५० च्या आसपास ठेवलं की हालचाल सिनेमातल्यासारखी वाहती दिसते. दिव्यांखाली चित्र फडफडत असेल तर शटर विजेच्या वारंवारतेशी जुळवा: ५० हर्ट्झ असेल तिथे १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६०.

फोनवर हे सगळं हातात नसतं. तिथे पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) लॉक करा आणि एक्सपोजर थोडं खाली ओढा. पांढरं होऊन गेलेलं आभाळ परत आणता येत नाही, काळोखातलं मात्र बरंचसं आणता येतं. आणि झूम करू नका, चालत पुढे जा. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतेक काम ५० एमएमच्या एकाच लेन्सने केलं. एकच लेन्स असली की जागा निवडणं पायांवर येतं आणि नजर लवकर तयार होते.

सहावी पायरी: एक मिनिटाची फिल्म

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून दाखवलेल्या दहा फिल्म्सपैकी प्रत्येक जेमतेम मिनिटभराची होती. त्यांच्या कॅमेऱ्यात साधारण १७ मीटरचीच रीळ बसायची. तेव्हा मिनिट हे माप छोटं समजू नका, सिनेमाने सुरुवात तिथूनच केली.

विषय असा घ्या की ज्यात एक काम सुरू होतं, अडतं आणि पूर्ण होतं. पत्राची घडी घालणं, दिवा बदलणं, मुलाच्या बुटाची नाडी बांधणं. मी पहिली फिल्म केली ती आईच्या सुईत दोरा ओवण्यावर. 'अगं, त्यात काय बघायचंय?' असं ती म्हणत होती, पण बसली.

आधी कागदावर शॉट लिहिले. पहिला, दुरून: खिडकीशी बसलेली आई, मांडीवर कापड. दुसरा, बोटं आणि सुई, अगदी जवळून. तिसरा, तिचा चेहरा. चौथा, दोरा चुकतो. पाचवा, परत चेहरा. सहावा, दोरा ओवला जातो. सहा शॉट, त्यापलीकडे काही नाही. तुम्हीही आठच्या पुढे जाऊ नका.

कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवला. सुई आणि चेहरा यांच्यामधून एक रेषा जाते अशी कल्पना करा. त्या रेषेच्या एकाच अंगाला राहिलं की पडद्यावर ती कायम एकाच दिशेला बघताना दिसते. रेषा ओलांडली तर पुढच्या शॉटमध्ये ती उलट दिशेला बघेल आणि प्रेक्षक क्षणभर गोंधळेल. हा नियम मोडताही येतो, पण मोडतोय हे ठाऊक असताना.

पहिल्या दिवसाचं सगळं शूटिंग वाया गेलं. फोकस मी कॅमेऱ्यावर सोडला होता आणि तो सुई सोडून मागच्या कापडावर जाऊन बसत होता. नेमका दोरा ओवला जाताना सुई धूसर. दुसऱ्या दिवशी फोकस हाताने लावला, आईला कोपर मांडीवर टेकवून ठेवायला सांगितलं म्हणजे सुई पुढेमागे होणार नाही, आणि प्रत्येक शॉट काम सुरू होण्याआधी पाच सेकंद चालू करून संपल्यावरही पाच सेकंद चालू ठेवला. ही पाच-पाच सेकंदं संकलनाच्या वेळी सोन्यासारखी वाटतात. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड केला. शॉट जोडताना प्रत्येक कटला आवाज तुटतो. त्याखाली हा सलग आवाज अंथरला की खोली एकच आहे असं वाटतं.

जोडताना हालचालीच्या मध्ये कापा. हात वर जायला लागला की दुरून, पुढचा अर्धा हात जवळून. डोळा हालचालीमागे धावतो आणि कट लपतो. संगीत घालू नका. पहिल्या तीन फिल्म्सना तरी नकोच. संगीत दुबळ्या शॉटला हात देतं आणि मग शॉट दुबळा होता हे आपल्याला कळतच नाही.

मी सर्वाधिक अडले तिसऱ्या शॉटपाशी. आई दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करते, ते नऊ सेकंद चालतं. पहिल्या जोडणीत मी ते तीन सेकंदांवर आणलं, कारण 'काही घडत नव्हतं'. फिल्म चटपटीत झाली आणि कुठल्याही फिल्मसारखी झाली. दोन दिवसांनी ती नऊ सेकंद परत घातली. मिनिटाचं माप राखायला दुरून घेतलेला शॉट छाटला. त्या बदलानंतर मला पहिल्यांदा वाटलं की ही माझी आहे. कोणी का म्हणून विचारलं असतं, तर मला उत्तर देता आलं असतं.

निवड

फोटो काढले त्याच रात्री निवडू नका. त्या क्षणाची मजा फोटोत आहे असं वाटत राहतं. ती आपल्या डोक्यात असते, फोटोत नसते. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड याच कारणासाठी काढलेले रोल कितीतरी महिने न धुता ठेवून द्यायचे. निदान तीन आठवडे थांबा. मग शंभरातून दहा काढा आणि दुसऱ्या दिवशी दहातून तीन. टाकलेल्या सातांपैकी एखादा फार जिव्हारी लागला तर का लागला ते वहीत लिहा. पुष्कळदा कारण फोटोतलं नसतंच. ते काढताना पडलेले कष्ट, त्या दिवसाची सोबत, असं काहीतरी निघतं.

दाखवणं

लाइक्सची संख्या तुम्हाला काहीच शिकवत नाही. दोन-तीन माणसं हवीत, जी सावकाश बघतील. दाखवण्याआधी काही सांगू नका, माफीही मागू नका. 'कशी झाली?' असं विचारलंत तर 'छान' हेच उत्तर येणार, दुसरं कोणी काय म्हणणार? 'काय काय दिसलं?' असं विचारा आणि गप्प राहा. तुम्हाला जे दाखवायचं होतं ते त्यांच्या बोलण्यात आलं नाही, तर समजावून सांगायचा मोह आवरा आणि कुठला निर्णय कमी पडला ते शोधा. आणि तुम्ही ज्याचा विचारही केला नव्हता ते त्यांना दिसलं, तर तेही लिहून घ्या.

सुईची फिल्म मी आईला फोनवर न दाखवता भिंतीवर मोठी करून दाखवली. ती संपल्यावर काय दिसलं म्हणून विचारलं. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, 'दोरा ओला करताना मी डोळे मिटते होय? मला माहीतच नव्हतं.' आणि ती नऊ सेकंदं पुन्हा एकदा लावायला सांगितली.